आठ अक्षरे गळाली आणि भात दरवळला

नवे विज्ञान, आपले शिवार : लेखांक ९

मागच्या लेखात आपण जनुकांची लिपी वाचायला शिकलो. आज त्या लिपीतली अक्षरे खोडण्याविषयी बोलायचे आहे. पण प्रयोगशाळेत शिरण्याआधी मुळशी तालुक्यातल्या चांद्याच्या शिवारात जाऊ. नांद्याशी जोडून ‘चांदे-नांदे’ असेच या गावाचे नाव घेतले जाते. हिंजवडीचे काचेचे मनोरे इथून फार दूर नाहीत, तरी हा पट्टा मुळात भाताचा. आषाढात खाचरांत चिखलणी, मग लावणी, आणि दसऱ्याच्या सुमाराला गरवा भात निसवतो. त्यात सुवासिक आंबेमोहराचे खाचर असेल तर ते बांधावरून चालतानाच कळते. मुळे सोडली तर पाने, खोड, फुलोरा अशा सगळ्या रोपालाच हा वास असतो.

तो कशाचा, हे १९८२ मध्ये उलगडले. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुवासिक तांदळातला मुख्य गंध सापडला. त्याचे नाव २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. एक अब्ज भाग पाण्यात या द्रव्याचा एकदशांश भाग असला तरी आपल्या नाकाला तो जाणवतो. मक्याच्या गरम लाह्यांत आणि पावाच्या खरपूस कडेतही तो असतो. आपल्याकडे अनेक घरांत कुंडीत लांब पातीचे एक झाड असते. त्याची पात साध्या भातात टाकली की भाताला आंबेमोहराचा वास येतो. त्या पातीतही हेच द्रव्य आहे.

आता खरी गंमत. हा वास तयार करण्यासाठी सुवासिक भाताकडे जास्तीचे असे काहीच नसते. उलट त्याच्यात एक गोष्ट कमी असते. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर ‘बीएडीएच-२’ नावाचे जनुक आहे. साध्या भातात त्यापासून बनणारे विकर एका कच्च्या मालाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करत राहते, त्यामुळे तो कच्चा माल साचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना २००५ मध्ये दिसले, की सुवासिक भातात या जनुकातली आठ अक्षरे गळालेली आहेत. अक्षरे गळाली की पुढचे वाचन बिघडते आणि विकर तयार होत नाही. कच्चा माल साचतो आणि त्यातून गंधद्रव्य बनते. बासमतीपासून थायलंडच्या जास्मिनपर्यंत बहुतेक नामांकित सुवासिक भातांत हीच आठ अक्षरे नाहीत.

भाताच्या लिपीत सुमारे ४० कोटी अक्षरे आहेत. त्यांतली आठ कधीतरी, कुणाच्या तरी शेतात, आपोआप गळाली. त्या रोपाचा वास कुणाच्या तरी नाकाला जाणवला. त्या माणसाने त्याच्या लोंब्या वेगळ्या काढल्या, बी जपले, पुढच्या वर्षी पेरले. त्याला जनुक ठाऊक नव्हते. निवड मात्र अचूक होती.

अशी दुसरी गळती आपल्याला जास्त परिचयाची आहे. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हे बुटके वाण दिले. उंच भात खत दिले की वाढतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. आयआर-८ उभा राहिला आणि आशियाभर उत्पादन वाढले. त्याचा बुटकेपणाही तुटलेल्या जनुकाचाच परिणाम. उंची वाढवणारे संप्रेरक पुरेसे बनवणारा एक दुवा त्यात निकामी होता. पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर झाला आणि १९८७ मध्ये इंद्रायणी प्रसारित झाली. आज पुणे जिल्ह्यातल्या ताटात वाफाळणारी इंद्रायणी म्हणजे मावळातला वास आणि मनिलाजवळच्या शेतातला उतारा यांची सोयरीक आहे.

संकरात मात्र दोन्ही घरांचे सगळेच गुण-दोष मिसळतात. हवे तेवढे वेगळे काढायला पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. इथे जनुक संपादन कामाला येते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये दाखवलेल्या आणि २०२० मध्ये नोबेल मिळालेल्या ‘क्रिस्पर’ तंत्रात दोन भाग असतात. एक वाटाड्या रेणू नेमका मजकूर शोधतो आणि ‘कॅस-९’ हे प्रथिन तिथे कात्री चालवते. पेशी काप सांधते, पण सांधताना एखाद-दुसरे अक्षर गळते आणि जनुक बंद पडते. कात्रीचे जनुक पुढच्या पिढीत निवडीने काढून टाकता येते. बीटी कपाशीत जिवाणूचे जनुक कायम राहते. इथे अखेरच्या रोपात परके काही उरत नाही. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा वाणांना जनुकीय फेरफार केलेल्या पिकांच्या काही कडक नियमांतून सूट दिली.

४ मे २०२५ रोजी नवी दिल्लीत या तंत्राने घडवलेली भाताची दोन वाणे जाहीर झाली. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेच्या ‘कमला’ वाणात सांबा मसुरीतले एक जनुक संपादित केले आहे. हे जनुक वाढीचे संप्रेरक मोडून टाकते. त्याचा जोर कमी झाला की लोंबीत दाणे जास्त भरतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा डीएसटी राइस-१’ मध्ये, एमटीयू-१०१० या वाणातले एक जनुक बंद केले. त्यामुळे पानांवरची रंध्रे घटतात आणि रोप पाण्याचा ताण व खारवट जमीन सोसते. कमलाचे उत्पादन १९ टक्के जास्त आणि पीक सुमारे २० दिवस लवकर, असा संस्थेचा दावा आहे. चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेपही घेतले आहेत. या वाणांच्या चाचण्यांची सगळी माहिती शेतकऱ्यांपुढे खुली असली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. नव्या वाणांमागच्या पेटंटांनी तो हक्क आखडता कामा नये.

मग बिनवासाच्या भाताला कात्रीने आंबेमोहर करता येईल का? वासापुरते, हो. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्येच आधीच्या पिढीतल्या एका कात्रीने बीएडीएच-२ बंद करून साधा भात सुवासिक केला. पण आंबेमोहर म्हणजे एवढेच नव्हे. त्याचा आखूड दाणा, शिजल्यावरचा मऊपणा, आजाऱ्याला आणि बाळाला पचणारी त्याची पेज, यांमागे कितीतरी जनुके आहेत. शिवाय दाणा भरताना रात्री गार असल्या की वास जास्त टिकतो. सह्याद्रीच्या पायथ्याची हवाही त्या वासात आहे. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे ते यासाठीच.

कोणते अक्षर खोडायचे हे कात्रीला सांगावे लागते, आणि ते आपल्याला शेतातल्या रोपांकडूनच कळले आहे. सुवासिक भात कुणी जपलाच नसता, तर आठव्या गुणसूत्रावर शोधायला कोण गेले असते? मावळ-मुळशीत खाचरांचे प्लॉट होत आहेत. आंबेमोहराला दिवस जास्त, उतारा कमी. त्यामुळे उरलेल्या खाचरांतही इंद्रायणीच लागते. शेतकऱ्याला यात दोष देता येणार नाही; त्याला भाव मिळाला तरच तो हे बी राखेल. राज्य सरकारने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली, हे चांगलेच झाले. तरी कोशात थंड ठेवलेले बी बदलत्या पावसाशी झगडत नाही. दर आषाढात चिखलात जाणारे बीच नवे काही शिकते, आणि उद्या गळणारे अक्षरही तिथेच गळेल. ते ओळखायला बांधावर कुणीतरी असायला हवे.

पुढच्या आठवड्यात : बियाणे शून्याखाली गोठवले तरी जिवंत कसे राहते?