सीपॅप श्वासयंत्राच्या वापरातील अडचणी व त्यांचे निराकरण : एक विवेचन

प्रस्तावना :

मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण होय, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुतः घोरता घोरता श्वास थांबणे, काही क्षण शांतता पसरणे आणि नंतर धडपडून श्वास घेतला जाणे, असा क्रम रात्रभर चालत असेल तर तो अवरोधक निद्राश्वासरोध, म्हणजेच स्लीप ॲप्निया असण्याची शक्यता असते. या विकारात झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. श्वास किमान १० सेकंद थांबल्यास ती एक घटना मानली जाते. अशा घटना व उथळ श्वासाच्या घटना मिळून ताशी सरासरी काढली जाते. हा निर्देशांक ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व ३० किंवा त्याहून अधिक असल्यास तीव्र समजला जातो.

हा विकार आपल्यापासून दूरचा नाही. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निद्राकालीन श्वसनदोषाचे अंदाजे प्रमाण १९.५ टक्के, तर दिवसा झोप अनावर होण्याच्या लक्षणासह असलेल्या विकाराचे प्रमाण ७.५ टक्के आढळले. महाविद्यालयीन अध्यापकांचा मोठा वर्ग याच वयोगटात मोडतो. उत्तरपत्रिका तपासताना येणारी डुलकी थकव्याच्या खाती जमा केली जाते. परंतु हीच डुलकी वाहन चालवताना आली तर ती प्राणावर बेतू शकते. उच्च रक्तदाबाशीही या विकाराचा निकट संबंध आहे.

मध्यम व तीव्र विकारावर सीपॅप यंत्र हा प्रमुख उपचार मानला जातो. मात्र यंत्र घरी आणणे आणि उपचार होणे या दोन भिन्न गोष्टी होत. अनेक यंत्रे पहिल्या काही आठवड्यांतच कपाटात जातात. त्यामागे बहुधा एखादी लहान व दूर करता येण्याजोगी अडचण असते. या अडचणींची कारणे स्पष्ट करणे व त्यांवरील उपायांचा क्रम मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्राचे कार्य :

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या उपचारपद्धतीचे पहिले वर्णन पाच रुग्णांवरील अनुभवाच्या आधारे प्रसिद्ध केले. तत्पूर्वी तीव्र विकारावर श्वासनलिकेला छेद देण्याची शस्त्रक्रिया हाच प्रभावी मार्ग होता. सीपॅप यंत्र प्राणवायू पुरवत नाही, हे येथे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ते खोलीतील हवाच गाळून किंचित अधिक दाबाने नळी व मास्कद्वारे श्वसनमार्गात सोडते. हा दाब श्वसनमार्गाला आतून आधार देतो व तो मिटू देत नाही. सामान्यतः दाबाची मर्यादा ४ ते २० सेंटीमीटर पाणी इतकी असते. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटीमीटर पाण्याइतका असल्याने १० सेंटीमीटरचा उपचारदाब हा त्याच्या जेमतेम एक टक्का होय. मास्कच्या कडेने हवा निसटली की हा अल्प दाब टिकत नाही. म्हणूनच बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रापेक्षा मास्कमध्ये सापडते.

वापराचा कालावधी :

उपचाराचे यश वापराच्या तासांवर अवलंबून असते. अमेरिकेतील मेडिकेअर या शासकीय विमा योजनेने पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री, रात्री किमान ४ तास वापर, असा निकष ठेवलेला आहे. हा किमान निकष होय. संपूर्ण झोपेत वापर हेच खरे उद्दिष्ट. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ रुग्णांचा ‘सेव्ह’ हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील रुग्णही त्यात सहभागी होते. यंत्रामुळे हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे प्रमाण कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. दिवसाची झोपाळू अवस्था व जीवनमान मात्र सुधारले. या अभ्यासात यंत्राचा सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता. अपेक्षित लाभ न दिसण्यामागे हा अपुरा वापर असावा, असे मत अनेक तज्ज्ञांनी मांडले आहे.

प्रमुख अडचणी व उपाय :

१) मास्कमधून हवेची गळती : हवा डोळ्यांकडे येणे, फुसफुस आवाज होणे, जाग येणे ही याची लक्षणे होत. अशा वेळी पट्टे आवळण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु अति आवळल्याने मास्कची मऊ कड चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर व्रण पडतात. योग्य रीत अशी की, यंत्र सुरू करून नेहमीच्या झोपण्याच्या स्थितीत आडवे व्हावे, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून कड हवेने फुगू द्यावी आणि मग तो अलगद बसवावा. पट्टे त्यानंतरच जुळवावेत. झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा. तेल वा क्रीम यांमुळे मास्क घसरतो. दाढी-मिशा असल्यास नाकपुड्यांवर बसणारा लहान मास्क सोयीचा ठरू शकतो. मास्कवरील बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नव्हे. उच्छ्वासातील कर्बवायू बाहेर जाण्यासाठी ती छिद्रे असतात; ती कधीही बंद करू नयेत.

२) तोंड व घसा कोरडा पडणे : नाकाचा मास्क लावून तोंड उघडे राहिल्यास हवा तोंडावाटे निसटते व घसा सुकतो. नाक चोंदलेले असणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. म्हणून प्रथम नाकावर उपचार करावेत. मिठाच्या पाण्याचे नाकातील थेंब, वैद्यकीय सल्ल्याने नाकातील फवारा आणि यंत्राला जोडलेला ह्युमिडिफायर यांचा उपयोग होतो. तेवढ्याने भागले नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक व तोंड दोन्ही झाकणारा मास्क यांचा विचार करावा. मात्र मोठ्या मास्कला बहुधा अधिक दाब लागतो. त्यामुळे तो पहिला पर्याय असू नये.

३) नळीत पाणी साठणे : ह्युमिडिफायरमधील उबदार दमट हवा थंड नळीतून जाताना तिच्यातील बाष्पाचे पाणी होते व ते मास्कमध्ये गुरगुरते. वातानुकूलित खोलीत ही तक्रार अधिक आढळते. यंत्र डोक्याच्या पातळीखाली ठेवणे, नळीवर कापडी आवरण घालणे, आर्द्रतेची मात्रा कमी करणे किंवा तापणारी नळी वापरणे हे उपाय होत. कोकणातील पावसाळ्यात जी मात्रा पुरते, ती विदर्भातील उन्हाळ्यात पुरेलच असे नाही. ऋतुमानानुसार ती बदलावी.

४) श्वास सोडण्यास जड जाणे व गुदमरल्याची भावना : बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू वाढवण्याची, तसेच उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित कमी करण्याची सोय असते. विक्रेत्याकडून ती समजून घ्यावी. मास्कची भीती वाटणाऱ्यांनी दिवसा जागेपणी, वाचताना किंवा दूरचित्रवाणी पाहताना, प्रथम नुसता मास्क व नंतर यंत्रासह तो थोडा थोडा वेळ लावण्याचा सराव करावा.

५) पोटात हवा भरणे : सकाळी पोट फुगणे व ढेकर येणे ही लक्षणे दाब अधिक असल्याचे सुचवतात. उशाकडील बाजू थोडी उंच केल्याने आराम पडतो. परंतु दाबात बदल वैद्यांच्या सल्ल्यानेच करावा.

६) स्वच्छता : मास्कची कड रोज, तर नळी व पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. भांड्यात डिस्टिल्ड पाणी वापरावे व ते रोज बदलावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु विरघळलेले सर्व क्षार जात नाहीत. कूपनलिकेच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरतो तो यामुळेच. धुळीच्या भागात गाळणी वारंवार तपासावी. ओझोन वायूने यंत्र स्वच्छ करण्याच्या उपकरणांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे लक्षावधी यंत्रे परत मागवली. ओझोनमुळे ही झीज वाढू शकते, असेही सांगण्यात आले. म्हणून वापरलेले यंत्र विकत घेताना ते त्या यादीतील नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

७) वीजपुरवठा : वीज गेल्यास दाब नाहीसा होतो. नाक व तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. ती स्वच्छ व मोकळी ठेवावी. यंत्राच्या पंख्यापेक्षा पाणी व नळी तापवण्यासच अधिक वीज लागते. म्हणून इन्व्हर्टर वा बॅटरीवर यंत्र चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास ते अधिक काळ चालते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह प्रकारचा असणे श्रेयस्कर. प्रवासात यंत्र हलवण्यापूर्वी भांड्यातील पाणी काढून टाकावे. ते यंत्रात शिरल्यास बिघाड होतो.

यंत्रातील नोंदींचे वाचन :

आधुनिक यंत्रे वापराचे तास, हवेची गळती व उपचारानंतर उरलेला ताशी निर्देशांक यांची नोंद ठेवतात. तक्रारीचे मूळ शोधताना या तीन नोंदी याच क्रमाने पाहाव्यात. तास कमी असतील तर प्रश्न सोय व सवयीचा आहे. तास पुरेसे पण गळती जास्त असेल तर प्रश्न मास्कचा आहे. अशा वेळी उरलेल्या निर्देशांकावर फारसे विसंबता येत नाही. तास पुरेसे व गळती कमी असूनही निर्देशांक ५ च्या वर राहत असेल, तर दाबाचा फेरविचार आवश्यक ठरतो. काही रुग्णांत उपचारादरम्यान मेंदूकडून श्वासाची प्रेरणाच खंडित होण्याचा निराळा प्रकार उद्भवतो. तेथे दाब वाढवणे हा उपाय नव्हे. तिन्ही नोंदी समाधानकारक असूनही दिवसा झोप येत असेल, तर अपुरी झोप, चालू औषधे, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांचा शोध वैद्यांनी घ्यावयास हवा.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकी चापे असतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम उपकरण असणाऱ्या व्यक्तीने, तसेच तिच्या शेजारी झोपणाऱ्याने, असे मास्क टाळावेत.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सीपॅप यंत्राबाबतच्या बहुतेक तक्रारींना निश्चित कारण असते व त्या कारणाला अनुरूप उपायही असतो. ‘मला हे यंत्र मानवत नाही’ या एका वाक्यात गळती, कोरडेपणा, भीती, अधिक दाब अशा भिन्न अडचणी मिसळून जातात. त्या सुट्या केल्या की मार्ग दिसू लागतो. पहिल्या आठवड्यात विक्रेत्याकडून मास्क बसवून घेणे, पहिल्या महिन्यात नोंदी घेऊन वैद्यांना भेटणे आणि घरातील व्यक्तीने रात्रीचे निरीक्षण सांगणे, या तीन गोष्टींची जोड मिळाल्यास उपचार टिकण्याची शक्यता वाढते. चष्म्याचा क्रमांक जुळला नाही म्हणून कोणी वाचन सोडून देत नाही, क्रमांक पुन्हा तपासून घेतो. तीच दृष्टी या यंत्राबाबत ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या परिचयातील कोणी हे यंत्र कपाटात ठेवून दिले असेल, तर त्या व्यक्तीस मास्क व नोंदी यांची एकदा फेरतपासणी करून घेण्यास सुचवावे.