नसलेल्या सम्राटाची कारकीर्द

शाळेत इतिहास शिकवताना मला सर्वांत आवडायचा तो राजा कधी जन्मलाच नाही. प्रेस्टर जॉन! पूर्वेकडचा ख्रिस्ती सम्राट, म्हणे.

1144 मध्ये क्रुसेडरांचं एडेसा शहर मुसलमानांच्या हाती पडलं आणि युरोप हादरला. पुढच्याच वर्षी एका बिशपने बातमी आणली, की पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती राजाने पर्शियाच्या राजांना धूळ चारली आहे. लढाई खरी होती, 1141 ची, कतवानची. पण जिंकणारा येलू दाशी ख्रिस्ती नव्हता. बुडत्याला काडी पुरते.

1165 च्या सुमारास सम्राटाचं ‘पत्र’ फिरू लागलं. 72 राजे मांडलिक, पंगतीला रोज 30,000 माणसं, नदीत रत्नं, राज्यात चोर नाहीत, खोटं बोलणारे नाहीत. (पत्र मात्र धडधडीत खोटं.) पोप तिसऱ्या अलेक्झांडरने 1177 मध्ये त्याला उत्तरही धाडलं!

पुढे मंगोल आले; लोकांनी जॉनला त्यांच्यातही शोधलं; तो सापडेना, तेव्हा लोकांनी त्याला इथिओपियात नेऊन बसवलं. पोर्तुगीज त्याच्या शोधात निघाले. 1512 मध्ये इथिओपियाच्या राणी एलेनीचा दूत मॅथ्यू गोव्यात उतरला, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने त्याचं स्वागत प्रेस्टर जॉनचा वकील म्हणूनच केलं.