कॉकपिटमध्ये दोन पिढ्या शेजारी बसतात, तेव्हा काय होतं?

डावीकडच्या सीटवर कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर. भारतात कमर्शियल पायलटचं लायसन्स १८ व्या वर्षी मिळू शकतं आणि एअरलाइनचा पायलट ६५ वर्षांपर्यंत विमान उडवू शकतो. म्हणजे या दोघांच्या वयात बाप-लेकाएवढं अंतर असू शकतं. वय, अनुभव आणि पद यांतलं हे अंतर कधी कधी जिवावर बेतू शकतं.

सीनियरला टोकायचं कसं?

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान रनवेवर खूप पुढे जाऊन टेकलं आणि दरीत कोसळलं. १५८ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन ५५ वर्षांचे, दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव असलेले. फर्स्ट ऑफिसरनं 'गो अराउंड', म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चला, असं तीनदा सांगितलं होतं. कॅप्टननं ऐकलं नाही आणि ज्युनियरनंही कंट्रोल स्वतःकडे घेतला नाही.

मग चूक फक्त सीनियरची असते का?

तसंही नाही. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडलं. २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला आणि ऑटोपायलट बंद झाला. तेव्हा ३२ वर्षांचा को-पायलट विमानाचं नाक वर खेचत राहिला. पण 'आजकालची पोरं कॉम्प्युटरवर अवलंबून' एवढं म्हणून विषय संपत नाही. एवढ्या उंचीवर हातानं विमान सांभाळायचं ट्रेनिंगच त्या पायलटांना मिळालं नव्हतं, असं तपासात समोर आलं.

आता काय शिकवतात?

एक म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. यात ज्युनियरनं स्पष्ट बोलायचं, गरज पडली तर कंट्रोल घ्यायचा आणि सीनियरनं ते अपमान न मानता ऐकायचं, याचा सराव होतो. दुसरं म्हणजे ऑटोपायलटशिवाय बिघडलेलं विमान सावरण्याचं ट्रेनिंग.

नोकरीशी याचा संबंध काय?

भारतात कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. पण तास भरले म्हणून एअरलाइनमध्ये नोकरी पक्की होत नाही. निवडीच्या वेळी गटचर्चा आणि मुलाखतीत तुम्ही दुसऱ्यासोबत काम कसं करता हेही पाहिलं जातं.

मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. पायलट व्हायचं असेल, तर नेमकी हीच सवय मोडावी लागते.