क्लोनिसची गाठ

बाळंतविड्यातले टोपडे, दारावरचे तोरण आणि रेडिओवर अंथरलेला रुमाल या रूपांनी क्रोशाचे काम महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एके काळी इतके रुळले होते की, साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या भांडवलावर पुष्कळ गृहिणींचा या कलेतील सारा व्यवहार निर्वेधपणे चालत असे. काम देखणे खरे, पण सपाट. सुताला उठाव द्यावयाचा झाल्यास बहुधा एकाच टाक्यात पाच खांब घालून त्यांची तोंडे एकत्र आवळतात व येईल त्या फुगवट्यावर समाधान मानतात. मात्र अशा फुगवट्याला सुलट आणि उलट अशा दोन बाजू राहतात, व उलट बाजूस तो पोकळच दिसतो. आयर्लंडमधील क्लोनिस या गावाच्या नावाने ओळखली जाणारी गाठ या दोषापासून मुक्त आहे, कारण ती साखळीला सर्व अंगांनी वेढते.

ही गाठ विरंगुळ्यातून प्रचारात आली नाही. 1845 साली आयर्लंडातील बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि पुढील काही वर्षांत सुमारे 10 लक्ष माणसे उपासमारीने व साथींनी दगावली, तर जवळजवळ तितकीच देशोधडीस लागली. जमीनदारांचा खंड मात्र सुटत नव्हता. तो थकला की कुळांना बेदखल केले जात होते. अशा समयी, 1847 मध्ये, मोनाहन परगण्यातील क्लोनिसच्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने किल्डेअरहून एक शिक्षिका बोलावून गावातील स्त्रियांना क्रोशे शिकविण्याची तजवीज केली. नमुना म्हणून समोर होती ती व्हेनिस येथे सुईने विणली जाणारी उठावदार लेस. परंतु ती विणण्यास लागणारा काळ भुकेल्या घरास परवडणारा नव्हता, आणि क्रोशाची आकडी साधारण तेच रूप कितीतरी कमी वेळात उभे करीत होती.

शिकणाराने आरंभी फार बारीक सूत घेऊ नये. क्लोनिसची जुनी कामे 1 मिलिमीटरहूनही बारीक पोलादी सुईने झालेली आहेत. नवख्याने 20 नंबरचे सूत आणि 1.25 मिलिमीटरची सुई घ्यावी, म्हणजे निदान काय बिघडले ते डोळ्यांना दिसते. साखळीचे चार टाके घालून शेवटचा फास किंचित सैल ओढावा आणि साखळी डाव्या हाताचा अंगठा व मधले बोट यांच्यात घट्ट धरावी. आता सुईवर सुताचा एक वेढा घ्यावा, लगेच सुई साखळीखालून पलीकडे नेऊन तेथले सूत उचलून वर यावे; पुन्हा वरचा वेढा, पुन्हा खालची उचल, अशी सुई झोक्यासारखी हेलकावत राहते आणि दहा-बारा हेलकाव्यांत साखळी वेढ्यांखाली दिसेनाशी होते. मग सूत सुईवर घेऊन ते या सर्व वेढ्यांतून एका ओढीत बाहेर काढावयाचे.

येथे आजवरची शिस्तच आड येते. ज्या आवळ हाताबद्दल विणणारीची वाखाणणी होत आलेली असते, तोच येथे नडतो: वेढे घट्ट बसले की सुईचे नाक दुसऱ्या-तिसऱ्या वेढ्यातच अडते, सूत पिंजते, आणि जोर केला तर बारीक सुई वाकते. वेढे सैल परंतु सारख्या उंचीचे हवेत, ते सुईच्या निमुळत्या मानेवर न ठेवता मागच्या दांड्यावर घ्यावेत, आणि ओढताना सुईचे तोंड खाली वळवावे. गाठ सुटून बाहेर आली म्हणजे काम झाले असे समजून पुढे जाणे ही मोठी फसगत होय. ती अद्याप साखळीवर मोकळी असते आणि सरकते. तिच्या बुडाशी एक मुका खांब घालून तिला जखडल्यावाचून पुढची साखळी धरू नये.

गाठीचे खरे स्थान जाळीत आहे. गुलाब, तिपानी, द्राक्षांचे घोस हे घटक जाड दोऱ्याच्या गाभ्यावर वेगवेगळे विणून कापडावर पालथे टाचतात, आणि त्यांच्यामधील रिकामी जागा साखळीच्या जाळीने भरून काढतात. ही जाळी टाके मोजून होत नाही. कोठे दोन पाकळ्यांत बोटभर अंतर असते, कोठे तिळभर, आणि विणणारी नजरेच्या अंदाजाने साखळी लांबविते वा आखडती घेते. नुसती साखळी लांबली की तिला झोळ पडतो. मध्ये गाठ आली की जाळीस अंग येते. म्हणून या टाक्याची गणना केवळ शोभेच्या टाक्यांत करणे मला अन्यायाचे वाटते. सर्व जोडून झाल्यावर टाचण उसवून लेस धुतात, आणि उठाव दबू नये म्हणून जाड, मऊ कापडावर पालथी ठेवून इस्त्री करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांनी या लेसची नक्कल आरंभिली: विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करावयाचे आणि मग कापड रसायनाने नाहीसे करावयाचे. दुरून ही नक्कल सहज खपून जाते. भिंगाखाली मात्र तिच्या गाठीत आडवेतिडवे भरलेले सूत दिसते, फास दिसत नाहीत. खरे क्रोशे विणणारे यंत्र तर बाजारात अजूनही नाही. तेव्हा जुन्या बाजारात कोणी आयरिश लेस म्हणून काही पुढे केले, तर किमतीची बोलणी करण्यापूर्वी जाळीतली एखादी गाठ भिंगातून न्याहाळावी, आणि वेढे सुटे ओळखू आले नाहीत तर माल यंत्राचा समजून दर पाडावा.