छत्तीस गुण, सोळा साचे

लग्नासाठी पत्रिका जुळवताना आठ कूट पाहतात आणि त्यांची बेरीज ३६ गुणांची होते. त्यात वर्णाला १, तर नाडीला ८ गुण आहेत. निम्मे, म्हणजे १८ गुण जुळले की स्थळ पुढे न्यायला हरकत नाही, असे मानतात. या आठांतल्या ‘गण’ या कूटात माणसांचे देव, मनुष्य आणि राक्षस असे तीन प्रकार केलेले आहेत आणि कोणत्या गणाचे कोणाशी पटेल हेही सांगितले आहे. म्हणजे स्वभावाचे साचे पाडून जोड्या जुळवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पत्रिकेवर विश्वास नसलेली आजची तरुण मुले-मुली मोबाइलवर प्रश्नावली सोडवतात, सोळांपैकी एक साचा मिळवतात आणि समोरच्याचा साचा आपल्याला अनुरूप आहे का ते तपासतात. साधन बदलले तरी त्यामागचे गृहीतक तेच राहिले आहे. दोघांचे पटणार की नाही याचे उत्तर दोघांच्या आत आधीच लिहिलेले आहे, आपण ते फक्त वेळेवर वाचायचे, असे हे गृहीतक सांगते. गेल्या काही दशकांतले संशोधन पाहिले की ते टिकत नाही. स्वभावाला संसारात महत्त्व आहे, पण ते दोन स्वभावांच्या जुळणीत फारसे नाही.

सोळा साच्यांची चाचणी मायर्स-ब्रिग्ज या नावाने ओळखली जाते. कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या व्यक्तिमत्त्व-प्रकारांवरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती रचली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. चाचणीचा मुख्य दोष मात्र तिच्या रचनेतच आहे. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्यांत ती प्रत्येकाला एका बाजूला बसवते. प्रत्यक्षात स्वभाव उंचीसारखा असतो. बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात, अगदी टोकाला थोडीच. मधोमध रेघ ओढून सगळ्यांना ‘उंच’ किंवा ‘बुटके’ ठरवले, तर रेघेजवळची माणसे आज एका बाजूला आणि पुढच्या मोजणीत दुसऱ्या बाजूला जाणारच. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिलेल्या अनेकांचा साचा बदललेला आढळतो, तो यामुळेच. राशींची पडताळणीही झाली आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड व्होआस यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतली सुमारे एक कोटी जोडपी तपासली. ती पाश्चात्त्य सूर्यराशींची तपासणी होती. ‘जुळणाऱ्या’ राशींची लग्ने योगायोगापेक्षा जास्त झालेली त्यांना दिसली नाहीत.

मग चांगल्या मोजमापाने उत्तर मिळेल का? मानसशास्त्रज्ञ आज स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजतात: नावीन्याची ओढ, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतल्या हजारो जोडप्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नात्यातल्या समाधानात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ६ टक्के स्वतःच्या स्वभावाने आणि १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाने समजावता आला. दोघांचे स्वभाव किती सारखे आहेत, याचा वाटा अर्धा टक्काही निघाला नाही. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली यांनी १९३० च्या दशकात साखरपुडा झालेल्या ३०० जोडप्यांचा मागोवा १९८० पर्यंत घेतला होता. या वधूवरांचे स्वभाव त्यांच्या परिचितांनीच नोंदवले होते. पुढे कोणता संसार मोडेल किंवा कुढत चालेल, याची खूण दोघांच्या भावनिक अस्थिरतेत आणि नवऱ्याच्या आवेगांवरच्या ताब्यात सापडली. सतत धास्तावलेला किंवा चटकन भडकणारा माणूस बहुतेक कोणाबरोबरही अवघडच जातो.

विशिष्ट दोघांचेच सूत जुळणे आधी ओळखता येते का, हेही तपासून झाले आहे. सामंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ओझरत्या भेटी ठरवलेल्या तरुणांकडून आधी शंभरावर गोष्टींची माहिती घेतली आणि संगणकाला अंदाज बांधायला लावला. एकूण कोणाला माणसे पटकन आवडतात आणि कोण अनेकांना आवडते, हे त्याला काही प्रमाणात सांगता आले. अमुक एकाला अमुक एकच विशेष का आवडेल, ते मात्र सांगता आले नाही. त्यांच्याच २०२० च्या अभ्यासात ४३ संशोधनांतली ११,१९६ जोडपी होती. समाधानातल्या फरकापैकी जास्तीत जास्त २१ टक्के व्यक्तीच्या वैशिष्ट्यांवरून कळला, तर नात्याविषयीच्या गोष्टींवरून ४५ टक्क्यांपर्यंत. जोडीदार या नात्याला बांधील आहे असे वाटणे, त्याची कदर वाटणे, शरीरसुख आणि भांडणांचे प्रमाण या त्या गोष्टी होत. सुखी माणूस जोडीदाराविषयी चांगलेच बोलणार, मग यात नवल काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, आणि एवढ्या एकाच अभ्यासावर निष्कर्ष उभा करता येणार नाही. पण वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा ते मनावर घ्यावे लागते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. सुखी जोडपी एकमेकांसारखी दिसतात, हे खरे. शिक्षण, धर्म, राजकीय मते, व्यसने यांत नवरा-बायको बरेच सारखे असतात. पण लोक आपल्या वर्तुळातच जोडीदार शोधतात म्हणून हे घडते, आणि स्वभावाच्या बाबतीत हे साम्य खूपच क्षीण आहे. साम्याविषयीच्या शेकडो निष्कर्षांची २००८ साली एकत्र छाननी झाली. एकत्र राहणाऱ्यांत मोजलेल्या साम्याचा फारसा परिणाम दिसला नाही, ‘आपण सारखे आहोत’ या जाणिवेचा मात्र दिसला. ही जाणीव सहवासात घडते. मूल हवे की नको, पैसा कसा वापरायचा, आईवडिलांकडे कोण पाहणार, यांवर मतैक्य लागतेच. पण त्यासाठी स्वभावाचा साचा नव्हे, मोकळे बोलणे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नाते घडवावे लागते असे म्हटले की आपल्याकडे ते ओझे सुनेच्या डोक्यावर येते. ‘जुळवून घे’ हा उपदेश मुलीलाच होतो. पुरावा मात्र या उपदेशाच्या विरुद्ध आहे. जॉन गॉटमन यांच्या गटाने १३० नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास १९९८ मध्ये मांडला. बायकोचे म्हणणे मनावर घ्यायला नकार देणाऱ्या नवऱ्यांचे संसार मोडण्याकडे अधिक झुकले. हे संशोधन अमेरिकेतले आहे, पण ठरवून केलेल्या लग्नात ते अधिकच लक्षात घ्यावे लागते. चहापोह्यांच्या दोन भेटींत कळते थोडे, उरलेले सगळे नंतर घडायचे असते. आणि जिथे मारहाण किंवा अपमान आहे, तिथे जुळवून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण इथे आठवेल. ती अर्धीच खरी आहे. उपचारांच्या २०७ अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला. समुपदेशनासारख्या उपचारांनी काही महिन्यांत स्वभावात मोजता येईल असा बदल होतो, आणि तो सर्वाधिक भावनिक अस्थिरतेत होतो, असे त्यातून दिसले. संसाराला जे सर्वांत जास्त टोचते, तेच सर्वांत जास्त बदलू शकते.

म्हणून स्वभावचाचणी हौसेने सोडवायला हरकत नाही. ‘मला गर्दीनंतर एकांत लागतो’ हे सांगायला तिच्यामुळे शब्द मिळत असतील, तर तेवढा तिचा उपयोग आहे. नकाराचे कारण ती होऊ नये आणि होकाराची हमीही. स्थळ पाहताना विचारायचे ते हे: हा माणूस रागात कसा वागतो, चूक कबूल करतो का, माझे म्हणणे ऐकून कधी आपले मत बदलतो का? न पटणाऱ्या दोघांत मराठी माणूस ३६ चा आकडा आहे म्हणतो, कारण ३ आणि ६ तिथे पाठीला पाठ लावून बसलेले असतात. ६३ मध्ये तेच आकडे समोरासमोर येतात. ३ चा ३ राहतो, ६ चा ६ राहतो, कोणालाही आपला आकार सोडावा लागत नाही. त्यासाठी जागेवरून मात्र दोघांनाही हलावे लागते.