शरदातली मोठी मरळ

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखात गावोगावी लहानमोठे तलाव आहेत. त्यांतले बरेचसे मालगुजारांच्या काळातले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव हे नाव पडले. या तलावांतली शिकारी मासळी म्हणजे मरळ. अमेरिकेतल्या तळ्यांत ‘बास’ मासा जे करतो, तेच ही इथे करते : पाणगवतात दबा धरायचा आणि जवळ आलेला मासा किंवा बेडूक गिळायचा.

आश्विन-कार्तिकात अगदी लहान तलावातही मोठी मरळ गळाला लागते. असे का बरे होते?

या दिवसांत पाऊस थांबतो आणि धानासाठी तलावाचे पाणी सोडले जाते. समजा, तलाव उलट्या शंकूसारखा आहे. खोली निम्मी झाली, की पाण्याचे क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरते आणि पाणी फक्त आठवा हिस्सा! खरा तलाव इतका नेमका शंकू नसतो, पण कल मात्र हाच. काठच्या बुडालेल्या गवतात लपलेली लहान मासळी उघडी पडून मधल्या पाण्यात दाटते. मरळीला शिकार सोपी होते. माशाचे रक्त थंड, त्यामुळे पाणी गार झाले की पचन मंदावते. पण शरदात पाणी अजून उबदार असते, म्हणून ती भरपूर खाते.

ती सापडते तिच्या श्वासामुळे. मरळीच्या कल्ल्यांवर हवेतला प्राणवायू घेणारी पोकळी असते. मोठ्या मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला अधूनमधून वर यावेच लागते. जाळ्यात पाण्याखाली अडकली तर ती चक्क बुडून मरते! काठावर शांत बसा. पाण्यावर उठणारा भोवरा जितका मोठा, तितकी मरळ मोठी. पावले मात्र हलकी टाका. माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीक कंपनेही कळतात.

मग पावसाळ्यातच का धरू नये? तेव्हा तर ती अधिक सहज सापडते. लालसर पिलांचा घोळका पाण्यावर दिसतो, त्याच्याखाली मोठी मरळ पहारा देत असते आणि जवळ येईल त्यावर, गळावरसुद्धा, धावून जाते. पण ती उचलली, की इतर मासे त्या पिलांचा फडशा पाडतात. एका माशापायी पुढल्या सालची सारी वीण जाते, आणि तोटा त्याच तलावावर पोट असलेल्या ढिवरांचा होतो. शरद येईतो बहुतेक पिले पांगून आपापली शिकार करू लागलेली असतात.