स्त्री-नसबंदी : वेदना सोसायलाच हव्यात का?

नांदगाव तिठ्यापासून मालवण बंदरापर्यंत कोणत्याही गावात ‘ऑपरेशन’ म्हटले की बायकांना आधी आठवते ती कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. दोन मुले झाली, भातकापणी उरकली, की घरात हा विषय निघतो. शस्त्रक्रिया लहान असते. बहुतेक वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. परंतु ‘‘दुखेल का?’’ हा मनातला प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारलाच, तर ‘‘बाळंतपणां सोसलंस, मगे ह्या काय?’’ असे उत्तर मिळते. हे उत्तर योग्य नव्हे. या शस्त्रक्रियेतील वेदना आज बऱ्याच अंशी टाळता येतात.

दुखते कुठे?

ही शस्त्रक्रिया दोन प्रकारे होते. टाक्याच्या पद्धतीत पोटावर लहानसा छेद घेऊन गर्भनलिका बांधतात व कापतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात वायू भरून, बेंबीजवळच्या छोट्या छेदातून नलिकांवर रबरासारखी रिंग बसवितात. दोन्हींत वेदनेची ठिकाणे तीन. पहिले, छेदाची जागा. दुसरे, नलिका पकडून ओढताना ओटीपोटात येणारी कळ. तिसरे, नंतरचे दुखणे. रिंगमुळे नलिकेच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून पहिल्या दिवशी पाळीसारखे पोट दुखते. पोटात उरलेल्या वायूमुळे खांदाही दुखतो. पुष्कळ जणी या खांदेदुखीने घाबरतात, पण आडवे पडल्यावर ती कमी होते व एक-दोन दिवसांत जाते.

भुलेचे प्रकार

१) जागेवरची भूल : लिग्नोकेन हे औषध छेदाच्या जागी टोचतात. सरकारी केंद्रांत हीच पद्धत रूढ असून ती सुरक्षित आहे. मात्र टोचल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावेच लागते. लगेच सुरी लावली तर भूल असूनही दुखते. शिवाय हे औषध कातडी बधिर करते, आतली नलिका नव्हे. नलिकेवरही हेच औषध थेंबथेंब सोडल्यास कळ कमी होते.

२) सोबत गुंगीचे व वेदनाशामक इंजेक्शन : बाई जागी राहते, पण भीती व कळ दोन्ही कमी होतात. जागेवरच्या भुलेला ही जोड असणे चांगले.

३) कमरेतील किंवा पूर्ण भूल : यासाठी भूलतज्ज्ञ लागतो. स्थूलपणा, पोटावरची आधीची शस्त्रक्रिया किंवा फार भीती असेल, तर ही सोय असलेले रुग्णालयच निवडावे. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी केल्यास तीच भूल पुरते.

जागेवरच्या भुलेची मात्रा वजनावर ठरते, ती हवी तितकी वाढविता येत नाही. म्हणून दुखत असेल तर दात-ओठ खाऊन गप्प न राहता लगेच सांगावे. डॉक्टर थांबू शकतात, मात्रेत बसेल तेवढे औषध पुन्हा देऊ शकतात किंवा शिरेतून वेदनाशामक देऊ शकतात.

घाई झाली की काय होते?

भुलेला लागणारी ही दोन-तीन मिनिटेच घाईगर्दीच्या शिबिरांत मिळत नाहीत. बिहारमधील अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत सुमारे दोन तासांत ५३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करून कायमच्या आरोग्य केंद्रांतच ही सेवा द्यावी, असे सांगितले. तरीही २०२२ मध्ये बिहारमधीलच खगडियात स्त्रियांनी, भूल न देताच शस्त्रक्रिया केल्याची तक्रार केली. दूरची गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नये. प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

आधी विचारा, आधी सांगा

भूल कोणती देणार? गुंगीचे इंजेक्शन मिळेल का? दुखले तर काय कराल? एवढे तीन प्रश्न संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावेत. दमा, रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली रिअॅक्शन, हे आपणहून सांगावे. सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहणे भुलेच्या सुरक्षिततेसाठीच असते. ‘‘घोटभर चहाने काय होते’’ असे म्हणू नये.

घरी आल्यावर

शस्त्रक्रियेनंतर किमान चार तास देखरेखीखाली राहावे. पूर्ण शुद्धीवर येऊन, लघवी होऊन, चालता येऊ लागल्यावरच सोबतीच्या माणसाबरोबर निघावे. डॉक्टरांनी दिलेल्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता पहिले एक-दोन दिवस वेळेवर घ्याव्यात. दमा किंवा पोटात अल्सर असलेल्यांनी आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईला या गोळ्या चालतात. आठवडाभर विहिरीचे पाणी शेंदणे, मासळीची पाटी उचलणे टाळावे. ताप, पोटदुखी वाढत जाणे, पोट फुगणे, सतत उलट्या, चक्कर किंवा जखमेतून पू आल्यास मात्र गोळ्यांवर न थांबता लगेच रुग्णालय गाठावे.

शेवटी पुरुषांसाठी एक गोष्ट. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी जागेवरच्या भुलेत काही मिनिटांत होते. पोट उघडावे लागत नाही, दुखणेही कमी. मुंबईहून सुटीवर आलेल्या चाकरमान्यांनी घरात हा विषय निघेल तेव्हा याचाही विचार करावा. आणि शस्त्रक्रिया पत्नीचीच ठरली, तर तिच्यासोबत जाऊन वरचे तीन प्रश्न आपणही विचारावेत.